पोत्यासकट

"मामा, जरा सरका की तिकडं," असं म्हणत ती बाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिनं मांडीवर घेतला आणि दोन्ही हात झाकणावर ठेवून समोरच्या दाराकडं बघत राहिली.

जिल्ह्याच्या कोर्टाचा दुसरा मजला होता. समन्सवर साडेदहा लिहिलं होतं म्हणून मी साडेनऊलाच हजर. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो होतो ती समन्स आलं म्हणून, शहाणपणाचा प्रश्न आलाच नव्हता.

"कुठलं गाव?" बाईनं विचारलं.

"कुरणवाडी."

"बाजाराचं गाव. आम्ही नांदरग्याचे. भावाची तारीख हाय आज."

"कसली केस?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"गांजाची," ती म्हणाली. आवाज खाली आणला नाही, इकडंतिकडं बघितलंही नाही. दोन वर्षं हेच सांगून तिची लाज संपली असावी.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. नांदरगं आणि गांजा हे दोन शब्द एकदम कानावर पडल्यावर ती कोण हे कळायला मला पंचांगाची गरज नव्हती. पण उठलो नाही. उठलो असतो तर तिनं कारण विचारलं असतं.

मी सिद्राम करांडे. कुरणवाडीच्या बाजार समितीत मापाडी. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, आकडा बघायचा आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा पुकारायचा, हे आमचं काम. तेव्हा या कामात मला बावीस वर्षं झाली होती. माझ्या वजनाला कधी कोणी बोट लावलं नाही, हे मी तेव्हा सांगत सुटायचो. बायको म्हणायची, "घरातलं मीठ संपलेलं कळत न्हाई आणि म्हणं मापाडी."

त्या तारखेच्या दोन वर्षं तीन महिने आधी भर दुपारी इंगवले फौजदारांची जीप आवारात आली होती. "मापाडी, काटा घ्या आणि चला." पोलिसांना नाही म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही. नांदरग्याच्या फाट्यावर एक टेम्पो उभा होता. कांद्याचे रिकामे क्रेट आणि त्यांच्या मागं एक पोतं. ड्रायव्हर चाकाला टेकून खाली बसलेला, मान गुडघ्यात. नागनाथ लोखंडे, वय तीस-बत्तीस. फौजदारांनी पोत्याचं तोंड उघडलं तसा उग्र वास आला. माझ्याबरोबर दुसरा पंच म्हणून फाट्यावरचा हॉटेलवाला होता, तो नाकाला टॉवेल लावून लांब जाऊन उभा राहिला. मी काटा मांडला, शून्यावर आणला, पोतं चढवलं आणि रोजच्या सवयीनं पुकारलं, "वीस सहाशे!"

लेखनिकानं लिहून घेतलं. फौजदारांनी पोत्यातून थोडा माल काढून नमुन्याची पाकिटं केली, पोत्याचं तोंड शिवलं, लाखेचं सील मारलं. संध्याकाळी ठाण्यात मी पाच-सहा ठिकाणी सह्या केल्या. वाचायला कोणी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. चहा मात्र चांगला होता.

"त्यानं केलंच न्हाई असं मी म्हणत न्हाई," बाई बोलत होती. "कुणीतरी पाच हजार देतो म्हणाला आणि ह्यानं पोतं आणलं. चुकला त्यो. शिक्षा व्हायला पायजे. पर किती?"

मी घड्याळात बघितलं.

"वकीलबाई म्हणत्यात, वीस किलोच्या आत असतं तर कवाच जामीन झाला असता. शिक्षाबी जज्जसायबांच्या मनावर. दोन वर्षं, तीन वर्षं. पर वीसच्या वर गेलं की कायद्यानं त्यो मोठा धंदेवाला. मग दहा वर्षाच्या खाली जज्जसायबांना येताच येत न्हाई. जामीन तर न्हाईच न्हाई."

"वर किती गेलं?" मला माहीत असून मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"सहाशे गिराम." तिनं हाताची ओंजळ करून मला दाखवली. "एवढं. मूठभर."

"परत मोजायला सांगायचं."

"काय मोजता? गेल्या साली समदा माल जाळून टाकला सरकारी कायद्यानं. नमुने तेवढे ठेवलेत. आणि ठिवला असता तरी वाळून घटला असता म्हणं, त्येला काय धरत न्हाईत. त्या मापाड्यानं जे सांगितलं तेच खरं. आज त्योच येणार हाय."

खिशात मापाड्याचा बिल्ला होता, तो मी उगीचच चाचपला.

तेवढ्यात जिन्याजवळून हवालदारानं मला हात केला. मी माझी पिशवी तिथंच ठेवून उठलो. "ऱ्हाऊ द्या, मी बघते," बाई म्हणाली.

हवालदारानं माझ्या हातात पंचनाम्याची नक्कल दिली. "वाचून घ्या करांडे. सरकारी वकील विचारतील ते ह्यातलंच. तारीख, वेळ, वजन. चुकायचं न्हाई. दुसरा पंच काल घोटाळा करून गेलाय. म्हणतो, मी लांब हुतो, नुसती सही केली. आता समदी केस तुमच्यावर."

मी परत बाकावर येऊन बसलो आणि वाचायला लागलो. अक्षर गिचमिड होतं. 'खाकी रंगाचे जुने तागाचे पोते, एका बाजूस निळ्या कापडाचे ठिगळ. त्यात गांजा हा अमली पदार्थ. वजन करून पाहता गांजाचे वजन वीस किलो सहाशे ग्रॅम भरले.' दोनदा वाचलं. सगळं बरोबर वाटत होतं, तरी काहीतरी खटकत होतं. काय ते कळेना.

बाईनं डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धी भाकरी मोडून तिनं माझ्यापुढं धरली. "घ्या मामा. नागूसाठी आणली हुती, पर आत खायाचं देऊ देत न्हाईत. दर तारखेला आणते आणि मीच खाते."

मी भाकरी हातात घेतली. नको म्हणवलं नाही.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

"आता कोण न्हाई. आई हुती, ती गेल्या दिवाळीच्या आधी गेली. नागूला आणायचा अर्ज केला हुता. पोलीसपार्टी मिळंना म्हणून दुसऱ्या दिवशी आणला. तवर आम्ही माती उरकून आलो हुतो." ती भाकरी चावत होती, नुसती चावतच होती. "आईच्या जिवाला एकच लागलेलं. पोतं तिचं हुतं ना. ज्वारीचं पोतं आमच्या घरचं, फाटलं म्हणून तिनं आपल्या निळ्या लुगड्याचं ठिगळ लावलेलं. नागूनं न इचारता नेलं. पोलीस घरी येऊन म्हणाले, हे पोतं कुणाचं? तर म्हातारी म्हणती, माझंच की. खोटं बोलायचं म्हाईतच नव्हतं तिला. मग मरंस्तवर म्हणत हुती, माझ्या पोत्यानं पोरगं अडकलं."

पोतं.

मी चावायचा थांबलो. बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. मी प्यालो, आणि पिता पिता मला सगळं दिसलं.

आमच्या आवारात मापाडी वजन पुकारतो ते पोत्यासकट. काट्यावर जे दिसेल तेच. बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करणं हे अडत्याच्या दिवाणजीचं काम. माझा आकडा लिहून घेताना तो पोत्यामागं एक किलो आपोआप काढून टाकतो. मापाड्यानं स्वतः वजा करायचं नाही, हा आमच्यात कडक नेम. वजा करणारा मापाडी चोर समजतात. माझ्या गुरूनं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "सिद्राम, काटा बोलतो तेवढंच बोल. काढघाल करणारा येगळा असतो."

बावीस वर्षं मी काटा बोलला तेवढंच बोललो. फाट्यावरही बोललो. पण फाट्यावर दिवाणजी नव्हता. लेखनिकानं माझा आकडा घेतला आणि सगळाच्या सगळा गांजा म्हणून लिहून टाकला. जुनं तागाचं पोतं, वर लुगड्याचं ठिगळ. किलोला कुठं कमी भरणार? एकोणीस सहाशे. फार तर एकोणीस सातशे. वीसच्या आत.

मी उठलो. जिन्याजवळ हवालदार तंबाखू मळत होता.

"हवालदार, एक घोळ हाय. ते वजन पोत्यासकट हाय."

"मग?"

"पोतं वजा करायचं राहिलं. गांजा वीसच्या आत येतोय."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि माझ्याकडं बघत हळूच चघळली. "करांडे, सही कुणाची हाय त्यावर?"

"माझीच."

"मग झालं. सहीच्या उलटं बोललं की साक्षीदार फितूर. फितूर झाला की आधी लोक म्हणणार, आरोपीकडनं किती घेतले? मग जज्ज म्हणणार, तेव्हा खोटं का आता खोटं? खोट्या साक्षीचा गुन्हा आपल्याच गळ्यात. बिल्ला तर जाईलच. मला सांगा, ज्या मापाड्याचं वजन कोर्टात चुकीचं ठरलं, त्याच्या काट्यावर उद्या कोण माल टाकंल?"

त्याचं शेवटचं वाक्य बरोबर वर्मी लागलं. खोट्या साक्षीच्या गुन्ह्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटली, हे आज कबूल करायला हरकत नाही.

"आणि कोण इचारणार हाय पोत्याचं?" तो म्हणाला. "दोन वर्षांत कुणी इचारलं न्हाई. इचारलं तर बघू. तुम्ही आपण होऊन कशाला हात दाखवून अवलक्षण करताय?"

हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. आरोपीची वकीलबाई शिकलेली, तरुण, कायद्याची पुस्तकं कोळून प्यालेली असणार. ती विचारेलच. विचारल्यावर मी खरं सांगेन. म्हणजे मी फितूर नाही, विचारलं म्हणून सांगितलं. अशी मनाशी तडजोड करून मी भिंतीला टेकलो, बाकाकडं काही गेलो नाही.

"सिद्राम भीमा करांडे!" शिपायानं दारातून हाक मारली. "सरकारी साक्षीदार!"

मी आत जाताना बाकाकडं बघितलं. बाईच्या हातात माझी पिशवी होती. तिनं ती हळूच खाली ठेवली.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर शपथ झाली. नागनाथ मागं कोपऱ्यात पोलिसाशेजारी उभा होता. बराच वाळला होता. सरकारी वकिलांनी विचारलं तसं मी सांगत गेलो. होय, मी मापाडी. होय, काटा माझाच, सरकारी तपासणीचा शिक्का असलेला. होय, सही माझी.

"वजन किती भरलं?"

"वीस किलो सहाशे ग्रॅम," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. काट्यावर तेच होतं.

मग वकीलबाई उठल्या. दुधगी आडनाव त्यांचं. मी कठडा घट्ट धरला.

"पंचनामा नक्की किती वाजता सुरू झाला?"

"दीड-दोनला."

"नक्की सांगता येत नाही?"

"न्हाई."

"लेखनिक कुठं बसून लिहीत होता?"

"जीपमध्ये."

"म्हणजे तो काय लिहीत होता हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"न्हाई."

"तुम्ही याआधी पोलिसांसाठी कधी पंच झाला आहात?"

"न्हाई."

सीलबद्दल विचारलं. लाखेचा रंग विचारला. टेम्पोचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही विचारलं. प्रत्येक प्रश्नाला मला वाटायचं, आता, आता विचारतील. काटा कसा शून्यावर आणला हेसुद्धा विचारलं. पोत्याच्या इतक्या जवळ येऊन वकीलबाई परत लाखेकडं वळल्या. त्यांनी कधी बाजार समितीत पाय ठेवला नसणार. पोत्यालाही वजन असतं हे त्यांना कोण सांगणार?

"मला आणखी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

झालं. मी सुटलो होतो. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच मला किळस आली.

टायपिस्टनं माझी साक्ष छापून काढली. शिपायानं कागद माझ्यापुढं ठेवला. "वाचा आणि सही करा."

या वेळी मी वाचलं. शब्दन् शब्द वाचला. जज्जसाहेब पुढची फाईल चाळत होते. मागं कोणीतरी खोकलं. मी वळून बघितलं, तर ती बाई शेवटच्या बाकावर बसली होती आणि सरळ माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. मी तिची अर्धी भाकरी खाल्लेला माणूस आहे, याचाच ती अजून हिशोब लावत असावी.

"सही करा," शिपाई म्हणाला.

"साहेब," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की मलाच ओळखू येईना. आवार दणाणून सोडणारा माझा आवाज. मी पुन्हा म्हणालो, "साहेब, ह्या वजनात पोतं हाय."

जज्जसाहेबांनी मान वर केली.

"वीस सहाशे पोत्यासकट हाय. पोतं रिकामं करून कुणी मोजलंच न्हाई. आमच्याकडं मापाडी वजा करत न्हाई, ते काम दुसऱ्याचं असतं. तिथं ते करणारा कुणी नव्हता."

सरकारी वकील ताडकन उठले. "साहेब, साक्षीदार उलटला आहे. फितूर जाहीर करून मला उलटतपासणीची परवानगी द्यावी."

"थांबा," जज्जसाहेब म्हणाले. "मला विचारू द्या. करांडे, पोतं कशाचं होतं?"

"तागाचं. ह्या पंचनाम्यातच लिहिलंय, साहेब. जुनं, ठिगळ लावलेलं."

"त्या पोत्याचं वजन तुम्ही केलंत?"

"न्हाई साहेब."

"मग किती होतं कसं सांगता?"

"रोज हजार पोती हाताखालून जात्यात, साहेब. प्लास्टिकचं पोतं दीडशे ग्रॅम भरतं. जुनं तागाचं नऊशेच्या खाली मी बघितलेलं न्हाई."

सरकारी वकिलांनी परवानगी घेऊन मला सोलून काढलं. किती पैसे मिळाले, आरोपीच्या घरच्यांशी बाहेर बोललात की नाही, बाकावर त्यांच्याशेजारी बसला होता की नाही. बसलो होतो, मी म्हणालो. भाकरी खाल्लीत की नाही? खाल्ली. कोर्टात लोक हसले. दोन वर्षं गप्प का होतात? "कळलं न्हाई," एवढंच म्हणालो.

मग दुधगीबाई पुन्हा उठल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पंचनामाच हातात घेतला आणि एकच गोष्ट विचारली. पोत्याचं तोंड उघडून नमुने काढले आणि तेच पोतं पुन्हा शिवलं, माल दुसऱ्या कशात ओतलाच नाही, हे बरोबर का? बरोबर, मी म्हणालो. तेही पंचनाम्यात लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून सगळं लिहिलेलं होतं.

बाहेर आलो तेव्हा हवालदारानं माझ्याकडं बघितलंही नाही. बाई बाकाजवळ उभी होती, माझी पिशवी हातात घेऊन. मला वाटलं, आता ही पाया पडणार. खरं सांगतो, मी तिला थांबवायला हातही थोडा पुढं केला होता.

तिनं पिशवी माझ्या हातात दिली.

"मामा," ती म्हणाली, "हेच तुम्ही फाट्यावर बोलला असता, तर नागूला जामीन झाला असता?"

"झाला असता, बहुतेक."

"म्हंजे आईच्या मातीला त्यो आला असता."

मी पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळले.

"ती बिचारी पोत्याला बोल लावत गेली," असं म्हणून तिनं डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेली. वर वळून बघितलं नाही.

निकाल पाच महिन्यांनी लागला. वजन वीसच्या वर होतं हे सिद्ध झालं नाही, असं जज्जसाहेबांनी धरलं. तीन वर्षं. त्यातली दोन वर्षं आठ महिने आतच गेली होती. माझ्यावर गुन्हा झाला नाही. बाजार समितीची नोटीस तेवढी आली, चौकशी झाली, बिल्ला राहिला. हवालदारानं घातलेली भीती खोटी निघाली. माल टाकणारे टाकत राहिले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी अजून काट्यावर उभा असतो. कोणाचंही पोतं आलं की आधी तसलंच एक रिकामं पोतं काट्यावर टाकतो, त्याचं वजन पुकारतो आणि मगच भरलेलं चढवतो. वेळ लागतो. अडते वैतागतात. हमाल मला 'बारदानमामा' म्हणतात, समोरच म्हणतात. ठिगळ लावलेलं पोतं आलं की ते मी दोनदा मोजतो, आणि तेव्हा मात्र कोणी काही बोलत नाही.